अनामत

सरकारी नोकरीत मी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय अधिकारी म्हणून काढला, आणि त्या अवधीत 'अनामत' हा शब्द माझ्या लेखणीखालून किती वेळा गेला असेल याची गणती नाही. ठेकेदाराची अनामत, दवाखान्याच्या दुरुस्तीची अनामत, औषधपुरवठ्याच्या निविदेची अनामत. काम मुदतीत पुरे झाले की रक्कम परत करावी, नोंदवहीत तसा शेरा मारावा आणि खाते बंद करावे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. हाच शब्द त्याच्या मूळ अरबी वळणाने, 'अमानत' म्हणून, माझ्या कानी आला तो मालेगावच्या एका मशिदीच्या पायरीवर, एका वृद्ध मौलानांच्या तोंडून. आणि ज्या शब्दाने मी जन्मभर पैसे मोजले त्याच शब्दाने दुसरी माणसे परस्परांवरचा विश्वास मोजतात, ही गोष्ट मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली. ती कळेपर्यंत माझ्या हातून जे घडले ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे सांगण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

१९९५ च्या डिसेंबरात देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. पुढे काही वर्षांनी, केंद्रावर न आलेल्या बालकांसाठी घरोघर जाण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा माझी नेमणूक एका तालुक्याच्या गावी होती. त्या गावाचे नाव येथे सांगत नाही. डोस दिलेल्या घराच्या भिंतीवर खडूने 'पी' लिहावा, राहिलेल्या घरावर 'एक्स' लिहावा, डोस पाजलेल्या बाळाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करावी, आणि सायंकाळी सगळ्या 'एक्स'चा हिशेब वर रुजू करावा, असा शिरस्ता होता. त्या गावच्या एका मोहल्ल्यातल्या दोन घरांवरचे 'एक्स' तीन फेऱ्या झाल्या तरी पुसले जात नव्हते, वरून तगादा चालू होता, आणि तो तगादा डोक्यावरून उतरवण्याच्या घाईत मी चौथ्या फेरीला एक पोलीस शिपाई बरोबर नेला. शिपायाने कोणाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. तो केवळ उंबरठ्यापाशी उभा राहिला. घरातल्या आजीने नातवाला पुढे केले, दोन थेंब पाजून झाले, मी भिंतीवरचा 'एक्स' पुसून 'पी' लिहिला, आणि आम्ही वळलो तेव्हा ती वृद्धा कोणालाही न उद्देशून एवढेच म्हणाली, की नसबंदीच्या वेळीही असेच शिपाई दाराशी आले होते. पुढच्या फेरीला त्या गल्लीचा एकही दरवाजा आमच्यासाठी उघडला नाही. मग मला तिथल्या इमामसाहेबांची आठवण झाली. त्यांनी मला बसवले, पाणी दिले, आणि सांगितले, की आता त्यांच्या शब्दाचाही उपयोग होणार नाही. मी त्यांच्याकडे यायचे होते ते शिपायाकडे जाण्यापूर्वी.

आणीबाणीतल्या सक्तीच्या शस्त्रक्रिया मला वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकांतून माहीत होत्या. त्या बाईला त्या स्वतःच्या उंबरठ्यावरून माहीत होत्या. शासनाच्या दप्तरात १९७५ ते १९७७ हे प्रकरण केव्हाच निकालात निघाले होते, तिच्या मनात ते उघडेच होते. आणि पोलिओच्या थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतात, ही अफवा कोठून येते असा प्रश्न आम्ही कार्यालयातल्या बैठकांत ज्या आश्चर्याने करीत असू, त्याचे उत्तर त्या एका वाक्यात होते. अज्ञानातून उठलेली अफवा माहितीने मिटवता येते. स्मरणातून उठलेल्या अफवेपुढे माहितीपत्रके निरुपयोगी ठरतात. तिथे वर्तनाने उत्तर द्यावे लागते, आणि मी नेमके उलट उत्तर देऊन आलो होतो.

त्या घटनेनंतर मी मुंबईच्या प्लेगाचा इतिहास वाचू लागलो, आणि त्यात दोन प्रसंग मला शेजारी शेजारी सापडले, ते माझ्या मनातून पुन्हा गेले नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग उघडकीस आला. १८९७ च्या आरंभी साथरोगांचा कायदा झाला, आणि घरे तपासून रोग्यांना हलवण्याचा अधिकार सरकारी तुकड्यांना मिळाला. ९ मार्च १८९८ रोजी अशीच एक तुकडी रिपन रोडच्या भागात एका मुसलमान विणकर कुटुंबातल्या मुलीला नेण्यासाठी गेली, आपल्या मुलीला परपुरुषांनी तपासून उचलून नेणे त्या कुटुंबाला आणि शेजाऱ्यांना सहन झाले नाही, आणि त्यातून उठलेल्या दंगलीत शहरात रक्त सांडले. याच्या एकच वर्ष आधी, जानेवारी १८९७ मध्ये, शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगावरची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती; आणि इस्माइली पंथाचे तरुण इमाम आगाखान, ज्यांनी तेव्हा विशीही पुरी केली नव्हती, यांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली, एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा घेतली, आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. रोग तोच होता, शहर तेच होते, भीतीही तीच होती. एका ठिकाणी शासन दार ढकलून आत गेले. दुसऱ्या ठिकाणी ज्याच्यावर लोकांची श्रद्धा होती त्याने आपला दंड सर्वांदेखत पुढे केला.

मालेगावी माझे जाणे-येणे वाढले ते २०१० साली. आदल्या वर्षी देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, ती संख्या त्या वर्षी ४२ वर आली होती, आणि त्या थोड्या उरलेल्यांत मालेगावचीही बालके होती. मोसम नदीच्या पलीकडच्या वस्तीत, जिथे उत्तर हिंदुस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या मोमीन विणकरांची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, तिथे रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट चालते. ती आठवड्यातून एकदाच थांबते, जुम्म्याच्या दिवशी. नवख्या माणसाला ती शांतता चमत्कारिक वाटते. गल्ल्यांतून स्वच्छ कपड्यांतली माणसे मशिदीकडे निघालेली असतात, मुलांच्या डोक्यावर टोप्या असतात, आणि आठवडाभर ज्यांच्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत ते सारे पुरुष त्या दोन तासांत भेटतात. मला वाटले, येथे मौलानांनी नमाजेपूर्वीच्या बयानात दोन वाक्ये आमच्या बाजूने बोलली, की काम झाले; म्हणून मी लिहून नेलेला मजकूर खिशात घालून त्यांच्यापुढे जाऊन बसलो.

त्यांनी तो कागद घेतला नाही. त्यांनी मला प्रश्न विचारले. चार-पाचदा डोस दिल्यावरही पुनःपुन्हा का देता? औषध चांगले असेल तर एकदाच का पुरत नाही? पोलिओने अपंग झालेले मूल या गल्लीत क्वचित दिसते, पण जुलाबाने आणि तापाने दगावलेली मुले आम्ही दर पावसाळ्यात दफन करतो. त्यांच्यासाठी आपण का येत नाही? आणि तिसरा प्रश्न, जो त्यांनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत हलक्या आवाजात विचारला: आमच्या दारावरच खडूने खूण का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. हा विषाणू शिरकाव केलेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एखाद्याचेच अंग लुळे करतो, म्हणून लंगडे मूल दिसत नाही याचा अर्थ विषाणू गल्लीत नाही असा होत नाही. आणि जिथे गटारे उघडी असतात, मुलांची पोटे वारंवार बिघडतात, तिथे तोंडावाटे दिलेली लस आतड्यात सहजी रुजत नाही, म्हणून ती अनेकदा द्यावी लागते. हे मी समजावले, आणि बोलता बोलता माझ्याच ध्यानात आले, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात जाऊन मिळते: गटार उघडे म्हणून डोस अधिक, आणि आम्ही डोस आणत होतो, गटाराकडे पाहत नव्हतो. तिसऱ्या प्रश्नाला, खूण सगळ्याच घरांवर करतात, हे खरे उत्तर मी दिले. परंतु ज्या शहराने दंगे आणि बाँबस्फोट पाहिले आहेत, तिथे दारावरची अनोळखी खूण पाहून आईच्या मनात काय येत असेल, याचा विचार ती पद्धत ठरवताना आमच्यापैकी कोणी केला नव्हता, हेही कबूल केले.

मी उठलो तेव्हा मौलाना पायरीपर्यंत आले. "डॉक्टर साहब," ते म्हणाले, "ये एतबार मेरा नहीं है, लोगों की अमानत है मेरे पास. आप इसे ले जाना चाहते हैं, तो लौटाने की नीयत भी साथ लाइए."

लौटाने की नीयत म्हणजे काय, हे समजायला मला काही महिने लागले. आम्ही त्या वस्तीत आठवड्यातून एक दिवस बालरुग्णांची तपासणी सुरू केली. जुलाबासाठी क्षारसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या, तापाचे औषध, आणि आयांना विचारायचे असेल ते विचारायला एक परिचारिका, एवढाच त्याचा पसारा. गटाराचा अर्ज मी संबंधितांकडे स्वतः नेऊन दिला, आणि त्याची प्रत मौलानांना दिली. काम सगळे झाले नाही, पण कागद कोठे अडला आहे हे मी दर जुम्म्याला त्यांना सांगत असे. तेवढे झाल्यावर मौलाना बयानात बोलले, आणि बोलले ते माझ्या मजकुरातले नव्हते. रोग आहे तिथे जाऊ नये आणि असलेल्यांनी तेथून निघून पसरवू नये, ही पैगंबरांच्या शिकवणीतली आज्ञा त्यांनी सांगितली. प्लेगाची वार्ता ऐकून खलिफा उमर सीरियाच्या वाटेवरून मागे फिरले, ती कथा सांगितली. आणि उंट आधी बांधावा, मग ईश्वरावर भरवसा ठेवावा, या सर्वांना ठाऊक असलेल्या बोधाशी त्यांनी दोन थेंबांचा संबंध जोडला. नंतर त्यांनी आपल्या नातवाला पायरीवरच डोस पाजवला. त्या वेळी आमच्यातल्या एकाने छायाचित्र काढण्यासाठी मोबाइल उंचावला, तेव्हा मौलानांनी हात आडवा केला. ते छायाचित्र छापले गेले असते, तर मौलाना सरकारचे झाले असे लोक म्हणाले असते, आणि त्या क्षणापासून त्यांचा शब्द त्यांच्याही उपयोगाचा राहिला नसता, आमच्याही. धर्मगुरूला आपला प्रचारक करू पाहणारे शासन ज्या फांदीवर बसायचे तीच तोडते, हे मी त्या आडव्या हातावरून शिकलो.

आणखी एक गोष्ट मौलानांनीच लक्षात आणून दिली. बयान ऐकतात ते पुरुष; बाळाला कडेवर घेऊन दार उघडते ती आई, आणि तिच्यामागे निर्णय असतो तो आजीचा. ती आई घरी बसून कांड्या भरते, आणि मुलाला ताप आला तर तिची दिवसाची मजुरी बुडते. तिच्या नकारात श्रद्धेहून हिशेबाचा भाग मोठा असतो. तिच्यापर्यंत मुलींच्या मदरशात शिकवणाऱ्या आलिमा पोहोचू शकत होत्या, आणि त्या पोहोचल्या. इमामांकडे आणखी एक नोंद होती, जी आमच्या रजिस्टरांत नेहमी उशिरा येई: नवजात बाळाच्या कानात अजान देण्यासाठी त्यांना बोलावले जाते, त्यामुळे गल्लीत जन्मलेले प्रत्येक मूल त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्यांनी आम्हांला नावे कधी दिली नाहीत. ते त्या घरालाच सांगत, की तपासणीचा वार अमुक आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा याहून अवघड प्रश्न आला. लशीत जिलेटीन असते, ते डुकराचे असते असे म्हणतात, खरे काय? त्याच्या काही महिने आधीच इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने भारतात तयार झालेल्या याच लशीचा विचार करून, तिच्यात वराहजन्य घटकाचा वापर असला तरी पर्याय उपलब्ध नाही आणि मुलांच्या जिवाला धोका आहे या निकडीमुळे ती घेण्यास मुभा दिली होती. माझ्यापुढे दोन मार्ग होते: 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असे छापील वाक्य म्हणावे, किंवा जे माहीत आहे ते सगळे मांडावे. मी दुसरा मार्ग धरला. जिलेटीन लशीत कशासाठी घालतात, परिषदेने काय म्हटले, गोवर किती वेगाने पसरतो, एकाच घरातल्या लस न घेतलेल्या दहा मुलांपैकी नऊ जणांना तो कसा होतो, हे सगळे मी मुफ्तींच्या बैठकीत सांगितले, आणि म्हणालो, की येथून पुढचा निर्णय धर्मशास्त्राचा आहे आणि ते शास्त्र माझे नाही. मग बाहेर जाऊन बसलो. निर्णय आतून आला तो अनुकूल होता. त्याहून मोलाचे असे, की तो त्यांचा होता. आणि आपला निर्णय माणूस राखतो तसा दुसऱ्याचा राखत नाही.

त्याच बैठकीत मी एक गोष्ट आवर्जून सांगितली होती, की या सुईनंतर आठ-दहा दिवसांनी काही मुलांना ताप येईल, एखाद्याच्या अंगावर पुरळही दिसेल, आणि ते बहुधा आपोआप उतरेल. असे आधी सांगू नये, लोक घाबरतात, असा आमच्या कार्यालयातला समज होता. मौलानांनी ते बयानात जसेच्या तसे सांगितले. ताप आले, तेव्हा बाप मुलांना घेऊन आमच्या तपासणीच्या खोलीशी आले, आणि ते काय विचारायचे ते विचारून, औषध घेऊन घरी गेले. जे आधी सांगितले ते घडले, यापेक्षा मोठे प्रमाणपत्र आमच्या व्यवसायात नाही.

हे सारे एकाच धर्माच्या माणसांविषयी खरे आहे, असे कोणी समजू नये. नाशिक जिल्ह्याच्याच डोंगराळ पट्ट्यात, आदिवासी पाड्यांवर, गोवर हा रोग नसून देवी अंगावर आली आहे, अशी श्रद्धा मी पाहिली. घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, परक्याला आत घ्यायचे नाही, आणि औषध दिले तर देवी कोपते, म्हणून ते द्यायचे नाही. तरुणपणी मी हे सगळे एकाच टोपलीत टाकून त्याला अंधश्रद्धा म्हटले असते. एका भगताबरोबर दोन दिवस हिंडल्यावर मला दिसले, की त्यातल्या चार नियमांपैकी तीन आमच्या विरुद्ध नव्हते, आणि परक्याला आत न घेण्याचा नियम तर साथीच्या दृष्टीने आम्ही सांगितला असता तोच होता. वाद उरला तो केवळ औषधाचा. जीवनसत्त्व 'अ'चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी दिले, तर मुलांचे डोळे आणि प्राण वाचतात, हे मी भगताला सांगितले. त्याने विचार करून उत्तर दिले, की तोंडात थेंब घातलेले देवीला चालतील, सुई नको, सुई ती गेल्यावर. आजारी मुलाला सुईची गरजही नव्हती. ती शेजारच्या निरोगी मुलांना हवी होती, आणि देवी ज्या घरी आली नाही तिथे सुई देण्यास त्याची हरकत नव्हती. डहाळा दारावर राहिला, थेंब तोंडात गेले, लस शेजारी गेली. त्या पाड्यावर कोणाचाही पराभव झाला नाही.

१३ जानेवारी २०११ रोजी हावड्याच्या एका बालिकेला झालेला पोलिओ हा देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. समारंभ झाले, सत्कार झाले, ते योग्यच झाले. लक्षावधी कार्यकर्त्यांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, उन्हातान्हात केलेल्या कष्टाचे ते फळ होते. परंतु ज्याच्या पायरीवर मी शिकलो, तिथे मला जे पाहावे लागले तेही सांगितले पाहिजे. गोवर-रुबेलाच्या मोहिमेनंतर काही काळाने कोठल्या तरी कार्यालयातून निघालेल्या एका हुकुमाने ती आठवड्याची बालतपासणी बंद झाली; साथ नाही, तेव्हा खर्चाला मंजुरी नाही, असे कारण होते. मी मौलानांना ते सांगायला गेलो. त्यांनी तक्रार केली नाही. ते एवढेच म्हणाले, की अमानत अजून परत झालेली नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, भिवंडीत आणि मालेगावातही गोवराची साथ उसळली आणि मुले दगावली. तेव्हा आम्ही पुन्हा त्याच पायऱ्या चढलो, आणि पुन्हा त्याच माणसांकडे त्यांचा शब्द मागितला. त्यांनी तो दिला. पण पहिल्या दिवशी जे प्रश्न विचारले गेले ते २०१० चेच होते, आणि उघडे गटारही तेच होते.

धर्मगुरूंना साथीच्या काळात बैठकीला बोलवावे, असे आता आमच्या प्रत्येक आराखड्यात लिहिलेले असते, आणि ते लिहिले जाते याचा मला आनंद आहे. तथापि, लोकांचा विश्वास हा धर्मगुरूंच्या खात्यावर पडलेला निधी आहे, हवा तेव्हा काढावा आणि साथ ओसरली की खाते बंद करावे, अशी समजूत त्या लिहिण्यामागे असेल, तर ती समजूत घातक आहे. तो विश्वास जनाज्यांच्या मागे चालून, निकाह लावून, भांडणे मिटवून, मध्यरात्री आलेल्याचे ऐकून घेऊन वर्षानुवर्षे जमलेला असतो. त्याची आपल्याला मिळते ती केवळ उसनवार, आणि ती फेडायची असते खरे सांगून, उरलेल्या आजारांकडे पाहून, आणि अडलेला कागद कोठे आहे ते न लपवता सांगून. म्हणून या खात्यात नव्याने येणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: ज्या जुम्म्याला वस्तीत कोणताही रोग नाही, हातात कोणतीही यादी नाही आणि वरून कोणताही तगादा नाही, त्या जुम्म्याला त्या पायरीवर जाऊन बसा, आणि मूल कोणाचे आजारी आहे ते विचारा.